सोमवारचा ताप

दिवाळी अंकात तापाविषयी लिहिणे फारसे शिष्टसंमत नाही, हे मला ठाऊक आहे. मागल्या पानावर एखादी हसरी कथा, पुढल्या पानावर राशिभविष्य, आणि मध्येच हा गृहस्थ थर्मामीटर घेऊन उभा, असे वाचकांना वाटेल. पण या सदराचा वाचकांशी जुना करार आहे. घरातल्या एखाद्या साध्या वस्तूचे बोट धरायचे आणि ती नेईल तिथवर शास्त्राच्या आळीत फिरून यायचे. यंदा जी वस्तू हाती आली, तीच मुळी ताप आणणारी निघाली. त्याला माझा इलाज नाही.

वस्तू म्हणजे एक पांढरी पूड. उन्हाळ्यात मुलांच्या अंगावर घामोळे उठले की आपण गुलाबी कॅलामाईन लोशन कापसाने लावतो, त्यात ही पूड असते. गुलाबी छटा तेवढी लोखंडाच्या ऑक्साईडची. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली लाली आली तर जे मलम लावतात, त्यात ती असते. दाताचा डॉक्टर लवंगेच्या वासाचे तात्पुरते सिमेंट भरतो, त्यात ती असते. सायकलच्या टायरात, पायांतल्या रबरी चपलेत आणि भिंतीच्या रंगातही तिचा वास आहे. शास्त्रज्ञ तिला झिंक ऑक्साईड म्हणतात. जस्त हवेत जळाले की मागे जो सफेदा उरतो, तो हाच. आपले वैद्य जस्ताला यशद म्हणतात आणि त्याचे भस्म करतात, तेही मुख्यतः याच द्रव्याचे.

अशी ही घरोघरची सालस पूड. पोराच्या अंगाला लावावी, इतका तिच्यावर आपला विश्वास. तिच्यामुळे धडधाकट तरुण माणूस रात्रभर हुडहुडी भरून कापत बसतो, असे कोणी सांगितले तर खरे वाटणार नाही. पण मी ते कुपवाडला पाहिले.

सांगली आणि मिरज यांच्या शेजारीच कुपवाड आहे. १९९८ साली तिघांची मिळून एक महापालिका झाली. सांगलीचा गणपती परगावच्या माणसाला ठाऊक असतो, मिरजेचे सतार-तंबोरे ठाऊक असतात. कुपवाडचे नाव निघाले की लोक ‘एमआयडीसी’ एवढेच म्हणून मोकळे होतात. या औद्योगिक वसाहतीत माझे एक जुने स्नेही मिस्त्री होते. आता ते घरी असतात आणि त्यांचा मुलगा तिथल्याच एका शेडमध्ये वेल्डर आहे. श्रावणात मी त्यांच्याकडे सहज म्हणून गेलो होतो.

चहाचा कप पुढे करीत वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही शास्त्राचं लिहिता ना? मग मला एवढं सांगा. ह्याला ताप येतो तो सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच का येतो?”

“म्हणजे कसा?”

“आठवड्याची सुट्टी झाली, दुसऱ्या दिवशी कामावर गेला, की त्या रात्री ताप. नुसता थडथडतो हो! दोन गोधड्या घातल्या तरी थांबत नाही. आणि तिसऱ्या दिवशी बघावं तर खडखडीत. दोनदा रक्त तपासलं. हिवताप नाही, डेंग्यू नाही. सासूबाई तर दृष्ट काढून थकल्या.”

मुलगा कोपऱ्यात बसून हसत होता. म्हणाला, “काका, काही नाही हो. शेडमध्ये सगळ्यांनाच येतो. आधी तोंडाला गोडसर चव येते, पत्रा चाटल्यासारखी. ती आली की कळतं, आज रात्री येणार. दूध प्यायचं, गूळ खायचा आणि झोपायचं.”

“ह्याला म्हणते, सोड हे काम,” वहिनी म्हणाल्या. “तर म्हणतो, घराचा हप्ता कोण भरणार?”

आणि तेव्हा इतका वेळ गप्प असलेले मिस्त्री सावकाश म्हणाले, “मलाही यायचा. पितळेच्या भट्टीवर होतो तेव्हा. घरी कशाला सांगायचं?”

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. तीस वर्षे संसार झाला. ही गोष्ट त्या प्रथमच ऐकत होत्या.

पुढल्या खेपेला ताप आला तेव्हा गल्लीत नव्यानेच दवाखाना टाकलेल्या एका तरुण डॉक्टरांकडे त्याला नेले. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि पुन्हा रक्त तपासायला पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारला, “काल जोडत काय होतास?”

“जी. आय. पाईप. गेटाचं काम होतं.”

“आणि शेडचं शटर?”

“खाली होतं. पाऊस होता ना.”

निदान झाले. जी. आय. पाईप म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप. लोखंड वितळायला सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस उष्णता लागते. जस्त बिचारे ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळून त्याची वाफ होते. तेव्हा वेल्डिंगची ठिणगी पडली की लोखंड अजून वितळते आहे तोच त्यावरचे जस्त वाफ होऊन उडालेले असते. ही वाफ हवेत लागलीच जळते आणि पांढरा धूर होतो. तो धूर म्हणजेच आपली ती पांढरी पूड. फक्त कमालीची बारीक.

हा ताप काही कुपवाडचा शोध नाही. १८६२ साली ग्रीनहाऊ नावाच्या इंग्लिश डॉक्टराने बर्मिंगहॅमच्या पितळ ओतणाऱ्या कारागिरांच्या हिवतापासारख्या तापाचे वर्णन लिहून ठेवले. पितळेतही जस्त असतेच. आपले ओतारी पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर जे सोसत आले असतील, त्याची जात हीच. इंग्रज कामगारांनी त्याला ‘सोमवारचा ताप’ म्हटले, कारण रविवारच्या सुट्टीनंतर तो हटकून यायचा. रोज धूर घेतला की शरीर काही काळ सरावते आणि ताप मंदावतो. एक-दोन दिवस विसावा मिळाला की तो सराव मोडतो आणि पहिल्याच दिवशी पुन्हा कापरे भरते. वार कोणता, याला महत्त्व नाही. सुट्टी ज्या वारी, त्याच्या दुसऱ्या दिवशी हा पाहुणा हजर. वहिनींनी नेमके हेच हेरले होते. ज्यांनी पुढे श्वास अडलेल्या रोग्यांसाठी ‘लोखंडी फुप्फुस’ तयार केले, त्या हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर यांनीही १९२० च्या दशकात या तापाचा अभ्यास केला होता.

आता मुख्य प्रश्न. कातडीवर जी पूड औषध, ती धुरात ताप का व्हावी?

याचे उत्तर सांगलीकरांना तरी मी हळदीच्या भाषेत देईन. हळकुंड तासभर मुठीत धरून बसा, हात फारसा पिवळा होणार नाही. तेच हळकुंड दळून आणा, की बोटे, ओटा, पदर, सगळे पिवळे. हळद तीच, वजन तेच. पण दळल्यावर तिचे कितीतरी अधिक अंग बाहेरच्या जगाला लागते. जे घडते ते पदार्थाच्या पृष्ठभागावर घडते, आणि वस्तू जितकी बारीक तितका तिचा पृष्ठभाग अफाट.

एक हिशेब करून पाहा. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता तोच ठोकळा १० नॅनोमीटर बाजूच्या ठोकळ्यांत कापला, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर भरतो, म्हणजे सुमारे ६,४५० चौरस फूट. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या वस्तूत मध्यमवर्गीयांची आठ-दहा बिऱ्हाडे! नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. शंभर नॅनोमीटरहून लहान कणांना शास्त्रज्ञ नॅनोकण म्हणतात. वेल्डिंगच्या धुरातले मूळ कण याच मापाचे असतात आणि पुढे एकमेकांना चिकटून त्यांच्या साखळ्या होतात. ‘नॅनोतंत्रज्ञान’ हा शब्द १९७४ साली जपानच्या तानिगुची यांनी वापरात आणला. ओताऱ्यांच्या छातीत ते कण त्याच्या कितीतरी आधीपासून जात होते.

मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि घशातल्या चिकट्यात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. हे सूक्ष्म कण मात्र श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी, हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे शरीराने पहारेकरी ठेवलेले आहेत. भक्षक पेशी म्हणतात त्यांना. जंतू दिसला की गिळायचा, धूळ दिसली की गिळायची, हा त्यांचा धर्म. गिळलेला माल त्या आपल्या पोटातल्या एका आंबट पिशवीत टाकतात आणि तिथे तो विरघळवतात.

जंतूच्या बाबतीत ही युक्ती नामी आहे. पण झिंक ऑक्साईडला आंबट म्हणजे विरघळण्याचे निमंत्रणच. एरवी जस्त पेशीच्या दारातून मोजून-मापून आत येते, कारण पेशीला त्याची गरज असते, पण थोडी. इथे पहारेकऱ्याने स्वतःच्या हाताने पोतेच्या पोते आत आणून ठेवलेले असते. ते फुटते, आणि जस्ताचा पूर येतो. पेशीच्या ज्या सूक्ष्म भट्ट्यांत अन्नापासून शक्ती निर्माण होते, त्या बिघडतात. प्राणवायूचे अतिशय तापट असे अवतार निर्माण होतात आणि पेशीचे पापुद्रे, प्रथिने, प्रसंगी तिच्यातले आनुवंशिक द्रव्यही जाळू लागतात. शरीराजवळ हा दाह विझवणारी द्रव्ये असतात; ती पुरली तर पेशी वाचते, नाही पुरली तर मरते. मरता-मरता ती धोक्याची घंटा वाजवून जाते. कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी १९९१ साली वेल्डर स्वयंसेवकांना जस्ताच्या मुलाम्यावर वेल्डिंग करायला लावून नंतर त्यांची फुप्फुसे आतून धुऊन तपासली, तेव्हा तिथे पांढऱ्या पेशींची मोठी फौज जमलेली आढळली. पुढील तपासण्यांत ताप चढवणारे रासायनिक निरोपही सापडले. वहिनींच्या मुलाची हुडहुडी म्हणजे ही घंटा.

पण एवढ्यावरून नॅनोकण म्हणजे राक्षस, असे कोणी समजू नये. रक्त फार कमी असलेल्या गरोदर बाईला दवाखान्यात शिरेतून आयर्न सुक्रोज देतात. त्यातले लोह हे गंजाच्या जवळच्या नात्यातले द्रव्य, साखरेच्या वेष्टनात गुंडाळलेले, आणि त्याचे कणही नॅनो मापाचेच. त्यांनाही यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात, त्यांचेही आत विघटन होते आणि निघालेले लोह नवे रक्त करायला लागते. गिळणारी पेशी त्याच जातीची, गिळण्याची रीत तीच. एकीकडे माऊलीचे प्राण वाचतात, एकीकडे तरुण पोरगा कापतो. तेव्हा अशा कोणत्याही पुडीविषयी तीन प्रश्न विचारावेत. कण किती बारीक आहे? तो विरघळतो का? आणि तो शरीरात कोणत्या वाटेने चालला आहे?

वाटेचे महत्त्व मोठे आहे. धडधाकट कातडीच्या वरच्या मृत थरातून हे कण फारसे आत जात नाहीत. उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमांत आजकाल नॅनो मापाचे झिंक ऑक्साईड घालतात. ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांना ओळखखूण घातलेल्या जस्ताचे असे मलम लावून समुद्रकिनाऱ्यावर पाच दिवस बसवले, तेव्हा त्यांच्या रक्तात त्या जस्ताचा अगदी लेशमात्र अंश आढळला. म्हणून मलम बोटाने लावावे, त्यात भय नाही. पण तेच फवाऱ्याच्या डब्यात भरून तोंडावर मारू नये, कारण मग वाट बदलली. टायटॅनियम डायऑक्साईड नावाची दुसरी एक पांढरी पूड रंगांत, टूथपेस्टमध्ये आणि गोळ्यांच्या वेष्टनांत असते. ती विरघळत नाही, पण उन्हातली अतिनील किरणे पडली की तिच्या अंगावर तेच तापट प्राणवायू जन्मतात. ती पोटात गेल्यावर आनुवंशिक द्रव्याला अपाय करणारच नाही अशी खात्री देता येत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा मंडळाने २०२१ साली सांगितले, आणि २०२२ मध्ये तिथे ती खाद्यपदार्थांतून हद्दपार झाली.

आणि जीव म्हणजे काही आपणच नव्हे. जे धुऊन वाहून जाते ते अखेर ओढ्यात आणि कृष्णेत जाते. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २००७ साली गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर नॅनो झिंक ऑक्साईड, साधे झिंक ऑक्साईड आणि जस्ताचा क्षार, असे तिन्ही घालून पाहिले. तिन्हींचे विष सारखेच निघाले, कारण मारत होते ते पाण्यात विरघळलेले जस्त; आणि लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी जस्त त्याला पुरले. शेवाळ मेले तर काय बिघडले, असे म्हणू नये. ते पाण्यातल्या पिसवांचे अन्न, पिसवा माशांचे अन्न. त्याच वर्षी अमेरिकेत मुळा, मका, काकडी अशा रोपांची बीजे लिटरमागे २,००० मिलिग्रॅम नॅनो झिंक ऑक्साईड असलेल्या पाण्यात ठेवली, तेव्हा त्यांच्या मुळांची वाढ जवळजवळ थांबली. याउलट जमिनीत जस्त कमी पडले तर पीक खुरटते, हे आपल्या शेतकऱ्याला पाठ आहे. तासगाव-मिरजेकडचे द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण केवड्यावर फवारतात, ते तरी काय? तांब्याचे विष बुरशीला मोजून दिलेले. आता शेतीसाठी नॅनो कणांची औषधे आणि खते येत आहेत. ती तपासायची कशी, याची मार्गदर्शक तत्त्वे भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली काढली. कण बारीक म्हणजे मात्रा कमी लागेल, हा लाभ खरा. पण मग चमच्याचे मापही बदलले पाहिजे, हे विसरून चालणार नाही.

पुन्हा कुपवाडकडे वळतो, कारण तिथला धोका तापापुरता नाही. सोमवारचा ताप दीड-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कामगार त्याला हसण्यावारी नेतात. हे हसणे दोन कारणांनी महाग पडू शकते. एक, कॅडमियम नावाच्या धातूचा धूर. काही नटबोल्टांवर त्याचा मुलामा असतो, चांदीच्या जोडकामाच्या काही सळ्यांत तो असतो. त्याच्या धुराचा पहिला दिवस हुबेहूब सोमवारच्या तापासारखा. पण एक-दोन दिवसांत फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस दगावू शकतो. दुसरे, वर्षानुवर्षांचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात बसवले. मिस्त्रींना हल्ली जिना चढताना दम लागतो. तो त्या भट्टीचाच, असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तीस वर्षांत माणसाच्या छातीत पुष्कळ काही जाते. पण ही गोष्ट घरी वेळेवर कळली असती, तर निदान कोणी विचारले तरी असते.

उपाय अवघड नाहीत. जिथे जोड द्यायचा तिथला जस्ताचा मुलामा आधी ग्राइंडरने काढावा, तोही मास्क लावून. काम उघड्यावर किंवा वाऱ्याच्या तोंडाशी करावे. धूर तोंडावरून वर जाऊ न देता बाजूने खेचून घेणारा पंखा जोडाजवळ लावावा. तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे चाळणीने पाणी अडवणे. धातूच्या धुरासाठी केलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच हवा. दूध प्यावे, अंगाला चांगले. पण ते पोटात जाते आणि धूर छातीत, दोघांची गाठ पडत नाही. अमेरिकेच्या कारखाना-नियमांत एका घनमीटर हवेत जस्ताचा धूर ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, असे बंधन आहे. शटर खाली ओढलेल्या शेडमध्ये ते पाळले जाणे कठीण. ताप दोन दिवसांहून अधिक राहिला, धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर दृष्ट काढत न बसता इस्पितळ गाठावे, आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे, काल काय जोडत होतो ते. त्या पोराने नोकरी सोडलेली नाही. शेडच्या मालकांनी भिंतीत पंखा बसवला, पावसातही शटर अर्धे वर असते, आणि गणपतीनंतर त्याला ताप आलेला नाही.

दिवाळीत आपणही थोडे वेल्डर होतोच. फुलबाजीतून जो पांढरा धूर निघतो त्यात ॲल्युमिनियमचे ऑक्साईड असते, आणि तेही याच बारीक मापाचे. फटाक्यांतल्या बेरियमवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच बंदी घातली. फुलबाज्या जिन्यात किंवा बंद गॅलरीत लावू नयेत, अंगणात लावाव्यात; वाऱ्याकडे पाठ करून मुलांना उभे करावे, आणि घरात दम्याचा कोणी असेल तर त्याला आत बसवून फराळाचे ताट त्याच्या हाती द्यावे.

पाडव्याला खरेदी करायची रीत आहे. ज्यांच्या घरातला कर्ता भट्टीवर, होल्डरवर किंवा ग्राइंडरवर काम करतो, त्यांनी यंदा यादीत एक चांगला मास्क लिहावा. आणि ज्यांची स्वतःची शेड आहे, त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या खर्चात एक पंखा धरावा. कामावरून आलेल्या माणसाला चहा देताना, आज काय काम होते, एवढे विचारण्याला मात्र पैसे पडत नाहीत.